स्वयंसेवकाला इंजिनिअरचं काम द्या : शाखेच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या या शाखेसाठी नव्या वर्षाच्या समित्या तुम्ही लवकरच नेमाल. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आत्ताच लिहिते आहे. ते खुलं ठेवलं, कारण त्यातला विषय फक्त कार्यकारिणीचा नाही. नेमाने बैठकीला येणाऱ्या सभासदाचा तो आहे आणि वर्षानुवर्षं फक्त वर्गणी भरून गप्प बसलेल्या सभासदाचाही आहे.

वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला की एक वाक्य हमखास येतं : शाखेला स्वयंसेवक मिळत नाहीत. मग कारणं निघतात. नव्या पिढीला वेळ नाही, नोकऱ्या फिरतीच्या आहेत, व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात, मग सभागृहापर्यंत कोण येणार? यातलं काहीच खोटं नाही. तरी हे निदान मला अपुरं वाटतं. याच पिढीतली माणसं रात्री जागून मुक्त सॉफ्टवेअरमधले दोष दुरुस्त करतात. पूर आला की पंप आणि जनरेटर घेऊन धावतात. मनापासून करावंसं वाटलं की वेळ निघतो. तो वेळ घेऊन माणूस आपल्या शाखेत येतो तेव्हा आपण त्याचं काय करतो, हे आधी पाहायला हवं.

काय करतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सभागृह ठरवणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं, नावनोंदणीच्या टेबलावर बसणं, सूत्रसंचालन, स्मृतिचिन्हांवरची नावं तपासणं, फोटो काढणं, अहवालात फोटो लावणं. ही कामं हलकी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. ती मी केली आहेत, पुढेही करेन. पण नवा सभासद दाखल झाला की पहिल्या वर्षी त्याला एवढंच मिळतं, दुसऱ्या वर्षी हेच मिळतं, आणि तिसऱ्या वर्षी तो येत नाही. तो आला होता इंजिनिअर म्हणून. इंजिनिअर म्हणून त्याला कोणी काही विचारलंच नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. स्वयंसेवकाला इंजिनिअरचं काम द्या, तो टिकेल. आणि त्याच्या कामामुळे शाखा टिकेल.

आपल्या व्यवसायातल्या संस्था निघाल्या त्या याच कामासाठी. १८१८ च्या जानेवारीत लंडनमधल्या एका कॉफीगृहात काही तरुण अभियंते जमले आणि त्यांनी सिव्हिल इंजिनिअर्सची संस्था काढली. हेन्री पामर हा त्यांचा म्होरक्या विशीतला होता. इंजिनिअरिंग शिकवणारी महाविद्यालयं तेव्हा तिथे नव्हती. धरण, कालवा, पूल बांधता बांधता जे कळेल ते एकमेकांना सांगायचं, एवढाच हेतू. पहिली दोन वर्षं संस्था रखडली. १८२० मध्ये थॉमस टेलफर्ड अध्यक्ष झाला. त्या वेळी तो त्या देशातला सर्वांत नावाजलेला पूल-रस्ते बांधणारा होता. त्याच्या नावाचं वजन संस्थेला मिळालं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने सभासदांना कामाला लावलं. आपापल्या कामावरचं लेखन आणा, त्यावर चर्चा करा, चर्चा नोंदवून ठेवा. १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, ती अशी दहा वर्षं काम झाल्यावर.

दुसरं उदाहरण बॉयलरचं. मी मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे ते मला जास्त जवळचं वाटतं. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावी एका बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. तो जुना, राखीव ठेवलेला बॉयलर होता. स्फोटात तो छत फोडून बाहेर गेला, इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ माणसं गेली. त्या काळात बॉयलर फुटणं ही नित्याची गोष्ट होती आणि पत्रा किती जाड असावा, रिव्हेट कसे असावेत, सुरक्षा झडप किती दाबाला उघडावी, याला सर्वमान्य नियम नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०७ मध्ये कायदा केला, मग दुसऱ्या राज्यांनी आपापले वेगळे नियम केले, आणि एका राज्यात चालणारा बॉयलर शेजारच्या राज्यात चालेना. तेव्हा १९११ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने एक समिती नेमली. बॉयलर बनवणारे, वापरणारे, विमा उतरवणारे असे सगळे तिच्याशी भांडले, बसले, खाडाखोड केली. त्यातून जी संहिता निघाली तिची पहिली आवृत्ती १९१४ ची, आणि ती ११४ पानांची होती. आज तीच संहिता कपाटभर खंडांची झाली आहे. ती सांभाळणाऱ्या समित्यांवरची माणसं आजही स्वयंसेवक आहेत. प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखाली वायू किंवा द्रव ठेवणाऱ्या टाकीच्या, पाटीवर त्या संहितेचा शिक्का दिसतो तेव्हा त्यामागे कित्येक इंजिनिअरांच्या बिनपगारी संध्याकाळी असतात.

आपण घरात, कचेरीत ज्या वायफायवर काम करतो त्याचीही गोष्ट तीच आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेत ८०२ क्रमांकाची समिती सुरू झाली. इथरनेट (तारेने संगणक जोडण्याची पद्धत) आणि वायफाय ही दोन्ही मानकं, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे तांत्रिक नियम, त्याच समितीच्या गटांनी लिहिली. तिथे बसणाऱ्या बहुतेकांना त्यांच्या कंपन्या पाठवतात, पण संस्था त्यांना पगार देत नाही. मसुद्यावर मतदान होतं. विरोधी मत दिलं तर काय बदललं म्हणजे मत फिरवाल, हेही लिहून द्यावं लागतं. ही पद्धत मला फार आवडते. नुसतं “मला मान्य नाही” म्हणून उठून जाता येत नाही.

यावर तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे मोठ्या संस्थांचं झालं, आपली एक छोटी शाखा आहे, आपल्याला काय जमणार? जमतं. जमलेलं मी पाहिलं आहे, म्हणूनच लिहिते आहे.

पंपघराच्या मांडणीबद्दलच्या एका मानकाचा मसुदा अभिप्रायासाठी खुला झाला होता. शाखेतले आम्ही सहा-सातजण तो वाचायला बसलो. मसुद्यात एक कलम होतं : पंपाभोवती देखभालीसाठी पुरेशी जागा ठेवावी. डिझाइनमधल्या आम्हा लोकांना त्यात काही खटकलं नाही. असली वाक्यं आम्ही रोज लिहितो. पण आमच्यात देखभाल विभागातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “पुरेशी म्हणजे किती? कपलिंगचे बोल्ट कोणी सोडवलेत का तुमच्यापैकी?” कपलिंग म्हणजे पंप आणि मोटर यांना जोडणारा सांधा. मग त्यांनी कागदावर पंप काढला, मोटर काढली, पान्याचा दांडा किती फिरतो तो कंस काढला. मोटर मागे सरकवल्याशिवाय पंपाचा आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, निघत नाही, म्हणून मागे किती अंतर हवं ते मांडलं. वरून साखळी कप्पी लावायची तर तिचा हूक आणि पंप यांच्यात किती उंची उरते, हेही काढलं. दोघी तरुण मुली त्यांच्या शेजारी बसून आकडे लिहून घेत होत्या. शेवटी त्या एका वाक्यावर आमचं अर्ध्या पानाचं टिपण तयार झालं : कलम क्रमांक, आक्षेप, कारण, सुचवलेला मजकूर. पुढे उत्तर आलं की सूचना थोड्या फरकाने स्वीकारली आहे.

त्या दोघींपैकी एकीने त्यानंतर दोन मसुद्यांचं काम स्वतःहून घेतलं. तिला कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. ज्या ओळीत तिचा विचार आहे ती ओळ छापली जाणार आहे, हे तिला पुरेसं होतं. आणि काकांचं काय झालं, तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातातली विद्या कोणाला तरी हवी होती.

मसुदे अभिप्रायासाठी सतत खुले होत असतात. त्यांना मुदत असते, म्हणून काम आपोआप आटोपशीर राहतं. अभिप्राय मागवणाऱ्यांकडे येणारे कागद बहुतेक मोठ्या उत्पादकांचे असतात. चालवणाऱ्याचं आणि दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं तिथे क्वचितच पोहोचतं. शाखेने ते पोहोचवावं. त्याला पैसा लागत नाही. एक टेबल, मसुद्याच्या प्रती आणि एकमेकांशी न पटणारी सहा माणसं एवढं पुरतं.

आता विद्यार्थ्यांच्या भेटींबद्दल. आपण दरवर्षी कारखाने, वीजकेंद्रं, जलशुद्धीकरण केंद्रं दाखवायला विद्यार्थ्यांना नेतो, आणि अहवालात तो आकडा अभिमानाने छापतो. साठ मुलं एका बसमध्ये येतात, सुरक्षेच्या सूचना ऐकतात, रांगेने यंत्रांजवळून जातात. आवाजात पुढचा काय सांगतो ते मागच्याला ऐकू जात नाही. शेवटी एकत्र फोटो. याला भेट म्हणायला माझं मन धजत नाही.

एकदा आम्ही वेगळं करून पाहिलं. बारा मुलं, तीन स्वयंसेवक, आणि आदल्या आठवड्यात मुलांच्या हाती पंपघराची आकृती. पाणी कुठून येतं, कुठे जातं, झडपा कुठे आहेत हे त्यांनी घरी बसून शोधून यायचं. भेटीच्या दिवशी एका पंपातून खडखड असा आवाज येत होता, आत कोणी खडी ढवळतंय असा. बरोबरच्या स्वयंसेवकाने काही सांगितलं नाही; विचारलं, हा आवाज कशाचा? एक म्हणाला बेअरिंग गेलं. दुसरी म्हणाली पात्याला काहीतरी घासतंय. त्याने त्यांना चोषण बाजूच्या, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूच्या, दाबमापकाकडे नेलं, मग टाकीतली पातळी दाखवली. पातळी बरीच उतरली होती. पंपाच्या तोंडाशी दाब इतका कमी झाला की थंड पाण्याचीही वाफ होते, त्या वाफेचे बुडबुडे पात्यांपर्यंत जाऊन फुटतात आणि ते सतत फुटत राहिले की धातूचे कण उडतात, हे त्याने तिथेच जमिनीवर खडूने काढून दाखवलं. नंतर कोपऱ्यात टाकून दिलेला एक जुना इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, उचलून आणला. त्याच्या पात्यांवर मुलांनी बोटं फिरवली. पितळ चाळण झालं होतं. वर्गात ज्याला कॅव्हिटेशन म्हणून चार गुणांचं टिपण लिहितात, ते त्यांच्या बोटांना कळलं. परतताना मुलांचे प्रश्न थांबेनात. पातळी का उतरली, पंप बंद का नाही करत, बंद केला तर पाणी कुठे कमी पडेल, हा निर्णय कोण घेतं? शेवटच्या प्रश्नावर पंपघरातल्या पाळीप्रमुखांनी जे सांगितलं ते कोणत्याही पुस्तकात नाही.

बारा मुलं म्हणजे अहवालात छोटा आकडा. तो छोटाच छापा. मोठ्या आकड्याच्या हौसेने आपण आपल्याच चांगल्या उपक्रमांचा गळा आवळतो आहोत. स्वयंसेवकाच्या बाजूने पाहिलं तरी फरक मोठा आहे : साठ मुलांना रांगेत ठेवणं हे पहाऱ्याचं काम, बारा मुलांना पंप ऐकायला शिकवणं हे इंजिनिअरचं काम.

एका कामाकडे शाखेने अजून वळूनही पाहिलेलं नाही. ते आपत्तीनंतरच्या पाहणीचं. भूकंप झाला की हजारो इमारती उभ्या असतात आणि आत जायचं की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियात या पाहणीची एक पद्धत बसवली गेली : प्रशिक्षित इंजिनिअर इमारत ठराविक क्रमाने बघतो आणि हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी लावतो. हिरवी म्हणजे वापरायला हरकत नाही, पिवळी म्हणजे मर्यादित प्रवेश, लाल म्हणजे धोका. या पद्धतीची पुस्तिका १९८९ मध्ये निघाली आणि जेमतेम काही आठवड्यांत, १७ ऑक्टोबरला, लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. पुस्तिका तयार होती म्हणून स्वयंसेवक इंजिनिअर एकसारख्या निकषांनी पाहणी करू शकले. ती नसती तर एकाच इमारतीला एकाने सुरक्षित म्हटलं असतं आणि दुसऱ्याने धोकादायक.

आपल्यालाही हे प्रशिक्षण आधी घ्यावं लागेल. आपत्ती आल्यावर उत्साहाने धावणारे पन्नास अप्रशिक्षित इंजिनिअर प्रशासनाची डोकेदुखी होतात. स्थानिक प्रशासनाशी आधी बोलून, कोणाला बोलवायचं, कोणाच्या अधिकाराखाली काम करायचं, ओळखपत्र कोण देणार, हे ठरवून ठेवायला हवं. सिव्हिल इंजिनिअर सभासदांची यादी करायला एक संध्याकाळ पुरेल. बाकीचं प्रशिक्षण वर्षभरात होईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण सेवाभावाच्या भरात ती निसटते. फुकट दिलेला सल्लाही इंजिनिअरचा सल्लाच असतो, आणि त्याची जबाबदारी पूर्ण असते. शाखेच्या नावाने कोणी येऊन म्हणालं, आमच्या इमारतीला गेलेला तडा जरा बघून जा, तर “जाऊन येऊ” म्हणणं बरोबर नाही. आपल्याला ज्या विषयाचं ज्ञान नाही त्यात मत द्यायचं नाही, हा आपल्या आचारसंहितेचा पाया आहे, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून तो सैल होत नाही. जिथे रीतसर सल्लागार नेमायला हवा तिथे तो नेमा असंच सांगावं. नाहीतर आपण त्या सल्लागाराच्या पोटावर पाय देतो आणि त्या माणसाला अर्धवट आधार देतो. म्हणून प्रत्येक कामाची व्याप्ती आधी लिहून घ्या. काय बघणार, काय बघणार नाही आणि सही कोणाची, एवढं तरी त्यात हवं.

यापुढचा मुद्दा अवघड आहे. तो टाळावा असं काही ज्येष्ठांनी मला सुचवलं होतं. मी तो टाळत नाही.

सभासद कामाच्या ठिकाणी अडचणीत सापडतो तेव्हा शाखा कुठे असते? १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातली नवी जलद रेल्वे सुरू व्हायच्या आधी तिच्या स्वयंचलित गाडीनियंत्रणात दोष आहेत असं तिथल्या तीन इंजिनिअरांनी वरिष्ठांना सांगितलं, आणि ते ऐकलं जाईना म्हणून संचालकांपर्यंत नेलं. तिघांनाही काढून टाकलं. गाडी सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि २ ऑक्टोबरला फ्रीमाँट स्थानकावर थांबायच्या ऐवजी पुढे जाऊन धडकली. काही प्रवासी जखमी झाले. त्या तिघांसाठी सगळ्यात आधी जे उभे राहिले त्यांत कॅलिफोर्नियातल्या व्यावसायिक इंजिनिअरांच्या संस्थेची एक स्थानिक शाखा होती, डियाब्लो शाखा. तिच्या सभासदांनी स्वतः चौकशी केली आणि प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत नेलं. पुढे १९७५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने न्यायालयात त्यांच्या बाजूने निवेदन दिलं आणि १९७८ मध्ये तिघांचा गौरव केला. गौरव सहा वर्षांनी झाला. शाखेतली माणसं मात्र पहिल्या महिन्यांतच त्यांच्यासोबत होती, आणि माझ्या दृष्टीने त्या महिन्यांचं मोल जास्त आहे.

आपल्या शाखेने कोणाच्या नोकरीच्या भांडणात उडी घ्यावी असं मी म्हणत नाही. पण तांत्रिक कारणाने एकट्या पडलेल्या सभासदाला विश्वासाने बोलता येईल असे दोन-तीन अनुभवी सभासद आपण नेमू शकतो. ते त्याचं ऐकतील, त्याच्या आक्षेपात तांत्रिक तथ्य आहे का हे तपासायला मदत करतील, कागदपत्रं कशी जपावीत ते सांगतील. बाहेर एक शब्द जाणार नाही. हेही स्वयंसेवाच आहे आणि तिला सभागृह लागत नाही.

याच्याच जोडीला बिघाडांची संध्याकाळ. आपल्याकडची व्याख्यानं बहुतेक यशाची असतात; वक्ता पूर्ण झालेला प्रकल्प दाखवतो, टाळ्या पडतात. त्यात शिकण्यासारखं थोडं असतं. ब्रिटनमध्ये बांधकामांच्या सुरक्षेसाठी २००५ पासून ‘क्रॉस’ नावाची गोपनीय नोंदव्यवस्था चालते : इंजिनिअर तिथे चिंतेच्या गोष्टी कळवतात, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून त्या प्रसिद्ध होतात, जाणकार त्यावर टिपणी लिहितात. आपण महिन्याआड एक संध्याकाळ अशी ठेवू. सभासदाने एक बिघाड सांगायचा. कंपनीचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. यंत्र, कारण, खुणा आणि पुढे काय बदललं, एवढंच. दोन तरुण सभासदांनी ते लिहून काढायचं. लिहिणाऱ्याचं शिक्षण यात सगळ्यात जास्त होतं, कारण शाफ्ट तुटला असं लिहायला बसलं की तो धातूच्या थकव्याने (वारंवारच्या ताणाने) तुटला की एका झटक्याने, आणि तुटलेल्या तोंडावरून ते कसं ओळखलं, हे विचारावंच लागतं.

कामं कशी वाटायची याबद्दल थोडं. परिपत्रक काढून “इच्छुकांनी नावं द्यावीत” म्हटलं की नावं येत नाहीत. नाव घेऊन विचारा : तुम्ही कंपनमापनात इतकी वर्षं काढलीत, या मसुद्याचं सातवं प्रकरण तुम्ही बघाल का, मुदत महिन्याअखेर? अशा विचारण्याला माणूस सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणाला तरी त्याला बरं वाटतं. काम छोटं असावं आणि त्याला शेवट असावा. वर्षभराचं पद घ्यायला जो घाबरतो तो तीन आठवड्यांचं काम आनंदाने घेतो. प्रत्येक कामावर दोघं असावेत, एक अनुभवी आणि एक नवा, म्हणजे एकाची बदली झाली तरी काम थांबत नाही. सोडताना एक पान लिहून ठेवायचं : कोणाशी बोललो, काय अडलं, कागद कुठे आहेत. आपल्या शाखेत सचिव बदलला की दरवेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एका पानाचा हा प्रश्न आहे.

एकाच माणसाकडे तीन पदं नकोत. तो कितीही उत्साही असला तरी नकोत. आज ज्या दोघा-तिघांच्या खांद्यावर आपण सगळं टाकलं आहे ते तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांची दमछाक आपल्याला दिसत नाही.

वेळेचं बघा. बैठका संध्याकाळी पाच वाजता ठेवल्या की पाळीत काम करणारा येऊ शकत नाही, साइटवरचा येऊ शकत नाही, लहान मूल सांभाळणारी येऊ शकत नाही. मग जे येऊ शकतात त्यांचीच शाखा होते आणि त्यांनाच वाटतं की बाकीच्यांना रस नाही. मसुदे वाचायचं काम घरून होतं. चर्चा सुट्टीच्या सकाळी होऊ शकते. काही बैठका दूरस्थ होऊ शकतात. प्रवासखर्च शाखेने द्यावा. रक्कम क्षुल्लक असली तरी ती मागायला लागणं तरुण सभासदाला अवघड जातं, म्हणून न मागता द्यावी.

आणि श्रेय. ज्याने काम केलं त्याचं नाव त्या कामावर असू द्या. टिपणाखाली, नोंदीखाली, पुस्तिकेच्या आतल्या पानावर. व्यासपीठावर बोलावून केलेला सत्कार पाच मिनिटांत संपतो. शिवाय त्याच्या कंपनीला शाखेने एक पत्र लिहावं : तुमच्या या अभियंत्याने अमुक मानकाच्या अमुक कलमावर काम केलं, त्याला त्यासाठी वेळ दिल्याबद्दल आभार. पुढच्या वेळी रजा मागताना त्याला ते पत्र उपयोगी पडेल.

वार्षिक अहवालाचा नमुनाही बदलावा लागेल. आज त्यात कार्यक्रमांची संख्या, उपस्थिती आणि फोटो असतात. त्याऐवजी वर्षभरात शाखेने तयार केलेलं काम छापा : कोणत्या मसुद्यांवर काय सुचवलं, कोणत्या सूचना स्वीकारल्या गेल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, किती बिघाड नोंदले गेले, किती जणांनी पाहणीचं प्रशिक्षण पूर्ण केलं. पहिल्या वर्षी हा अहवाल दोन पानांचा होईल. त्या दोन पानांची लाज वाटायचं कारण नाही.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, हे मला कळतं. म्हणून येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीनच गोष्टी घ्याव्यात अशी विनंती आहे. मसुदा-अभिप्राय गट नेमावा. विद्यार्थी भेटीसाठी संख्येची मर्यादा ठरवावी आणि दर चार मुलांमागे एक स्वयंसेवक हा नियम करावा. बिघाडांच्या पहिल्या संध्याकाळची तारीख जाहीर करावी. गोपनीय सल्ल्याचा आणि आपत्ती-पाहणीचा विषय त्यानंतरच्या बैठकीत घेता येईल, कारण त्यासाठी प्रशासनाशी आणि एखाद्या वकिलाशी आधी बोलावं लागेल.

मसुदा-अभिप्राय गटाचं काम एका वर्षासाठी मी घ्यायला तयार आहे. जोडीला एक तरुण सभासद हवा किंवा हवी. वर्ष संपलं की गट त्यांच्याकडे सोपवून मी बाजूला होईन. पंपांच्या आणि पाइपलाइनच्या विषयांपलीकडचे मसुदे आले तर त्या त्या विषयाचे सभासद लागतील, त्यांची यादी करायला सभासद नोंदवही मला पाहायला मिळावी. बैठकीची तारीख कळवलीत तर मी स्वतः येऊन या मुद्द्यांवरच्या प्रश्नांना उत्तरं देईन.

कळावे,

आपल्या शाखेची एक सभासद